खोळंब्याचा कोरा रकाना

“सगळं हिरवं करून टाक रे. जावयाला वाईट वाटाय नगं.”

हे बोलले आबा. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. कळंबच्या अलीकडं एका गावात त्यांची शेती आहे आणि सोयाबीन मळायची दोन यंत्रं आहेत, ज्यांना अख्खं गाव नुसतं ‘मशीन’ म्हणतं. ऐकणारा होता मशीनवरचा शिवा. तो मागच्या ओट्यावर ताट घेऊन बसला होता. उजव्या हातानं भाकरी मोडत होता आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं मोबाइलवर एकेका शेतापुढं हिरवी खूण करत होता. मी मागच्या दाराशी हात धुवत होते. मला बघून आबा जरा चपापले. “तू काय ऐकलं न्हाईस, व्हय ना गं?” मी मान हलवली. माझ्याबद्दल लोकांना हा भरवसा फार लवकर वाटतो. आणि आत, बैठकीच्या खोलीच्या बरोबर मध्यभागी, ज्यांना वाईट वाटायला नको होतं ते जावई उभे राहून आपल्या सासूबाईंना मोबाइल दाखवत होते, “बघा आई, आजपण एकूण एक शेत हिरवं!”

ते जावई म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे यजमान, आमचे दाजी. दुसऱ्याचं ऐकून घ्यायला एवढा उतावीळ आणि तरी कधीच काही ऐकू न आलेला माणूस धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. “मला नावं ठेवा, मोकळेपणानं बोला, माझी चूक दाखवा,” असं ते समोरच्याला इतक्या प्रेमानं आणि इतक्या वेळा म्हणतात की समोरचा घाबरून त्यांची स्तुती करतो.

दाजी मूळचे परंड्याकडचे, सोनारीचे. शिकून पुण्याला गेले आणि तिथल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत बरीच वर्षं काढली. तिथं त्यांचं काम प्रोग्राम लिहिण्याचं नव्हतं. जे लिहितात त्यांना रोज सकाळी ‘कुठवर आलंय’ असं विचारायचं, हे त्यांचं काम होतं. त्यासाठी त्यांनी परीक्षा दिली होती आणि त्यांच्याकडं प्रमाणपत्र होतं. लग्नाच्या बैठकीत आबांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजी मुकादमच की. ऊसतोडीला असतो तसा.” दाजींना आबांकडून मिळालेलं हे शेवटचं प्रामाणिक मत. त्यानंतर सुपारी फुटली, दाजी जावई झाले आणि आबांच्या तोंडून त्यांच्याविषयी ‘लई भारी’ याखेरीज काही निघेनासं झालं.

घरून काम करायचे दिवस आले तेव्हा दाजी ताईला घेऊन कळंबला आले, आणि कंपनीनं परत बोलावलं तेव्हा परत गेले नाहीत. मोंढ्यात एका आडत दुकानाच्या माडीवर त्यांनी स्वतःचं ऑफिस काढलं. खाली सोयाबीन आणि तूर, वर आम्ही. आम्ही म्हणजे प्रोग्राम लिहिणारी तीन मुलं, त्यातला जळकोटचा वैभव सगळ्यांत बोलका, आणि मी टेस्टर. बाकीच्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि सांगायच्या, हे टेस्टरचं काम. शोधण्यात मी वाईट नाही. सांगण्याचं जरा अवघड आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथं मराठी बोललं की दंड होता आणि इंग्रजी बोललं की वर्ग हसायचा. तेव्हापासून गप्प राहण्याचं माध्यम मला सगळ्यांत सोपं जातं. ही मुलगी नोकरीला घेऊन काय करणार, असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटलं होतं. दाजी म्हणाले, “पाठवा. उभं राहिलं की बोलायला लागते.”

उभं राहणं हा दाजींचा धर्म आहे. ते ज्या पद्धतीनं काम करतात तिला ‘ॲजाइल’ म्हणतात. मोठं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही. पंधरा दिवसांत होईल एवढा तुकडा पाडायचा, तो करून गिऱ्हाइकाला दाखवायचा, गिऱ्हाईक जे बोलेल ते ऐकून दुरुस्त करायचा आणि पुढचा तुकडा घ्यायचा. अशा एका पंधरवड्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात, आणि आमच्याकडं तो नारळ फोडून आणि भैरवनाथाच्या नावानं चांगभलं म्हणून सुरू होतो. रोज सकाळी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, आणि काही खोळंबा आहे का. बसायचं नाही, कारण बसलं की माणूस पसरतो, असं दाजींचं म्हणणं. पद्धत शहाणपणाची आहे. मी कॉलेजात ती पाठ केली होती तेव्हाही मला ती आवडली होती. तिच्यात एकच धोका आहे. कुणाला तरी खरं बोलावं लागतं.

ऑफिस सुरू झालं त्याच आठवड्यात दाजींनी मोठ्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या गॅलरीत नेऊन ठेवल्या. एका सकाळी आम्ही असे गोल करून, माना खाली घालून उभे असताना खालच्या आडतवाल्यांचे म्हातारे वडील जिना चढून आले. दारातच थबकले. डोक्यावरची टोपी काढली, थोडा वेळ आमच्यात उभे राहिले आणि मग हळूच वैभवच्या कानाशी म्हणाले, “कोन गेलं?” वैभवनं त्यांना सांगितलं की रोजचंच आहे. म्हातारबा जास्तच हळहळले आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. तेव्हापासून ती खुर्ची त्यांचीच झाली. रोज सकाळी आमचा दुखवटा संपेपर्यंत ते तिथं थांबतात आणि मग खाली जातात.

गोलात एका वेळी एकानंच बोलावं म्हणून पुण्यात चेंडू वापरायचे. ज्याच्या हातात चेंडू तो बोलेल. पहिल्याच दिवशी वैभवनं तो खिडकीबाहेर टोलवला. मग दाजींनी खालून तराजूचं एक किलोचं लोखंडी वजन मागून आणलं. “हातात जड असलं की माणूस मुद्द्याचं बोलतो,” ते म्हणाले. ही त्यांची सुधारणा खरोखरच चांगली निघाली, इतकी की आम्ही सगळे मुद्दासुद्धा गाळायला लागलो. वर वेळेचं बंधन. प्रत्येकाची वेळ संपली की दाजींच्या मोबाइलमध्ये कुकरची शिट्टी वाजते. हा आवाज त्यांनी हौसेनं निवडला, कारण ‘आपल्या मातीतला’. आबांच्या घरी तो पहिल्यांदा वाजला तेव्हा काकू हातातलं ताट टाकून स्वयंपाकघरात पळाल्या होत्या. शिट्टी झाली की बोलणाऱ्यानं थांबायचं, मग तो कुणीही असो. भाडं वाढवायचं बोलायला आलेले आडतवाले शेठसुद्धा वाक्याच्या मध्यावर थांबवले गेले आणि इतके गोंधळले की भाडं न वाढवताच खाली गेले. दाजींच्या पद्धतीचा हा आजवरचा एकमेव आर्थिक फायदा.

कोणत्या कामाला किती कष्ट पडतील याचा अंदाज ते पत्त्यांवरून घेतात. हे पत्ते वेगळे असतात. त्यांच्यावर एक, दोन, तीन, पाच, आठ असे आकडे असतात. कामाचं नाव सांगितलं की प्रत्येकानं आपल्याला वाटेल तो पत्ता पालथा टाकायचा आणि मग सगळ्यांनी एकदम उलटायचे. पहिल्या दिवशी वैभवनं पत्ते पिसून बघितले आणि विचारलं, “चव्वा कुठंय?”

“चार नसतो यात,” दाजी म्हणाले.

“मग सिक्वेन्स कसा लावायचा?”

जिन्यावरून पोती वाहणाऱ्या हमालांनी हा डाव पाहिला. दोन दिवसांत मोंढ्यात झालं की माडीवरच्या कम्प्युटरवाल्यांकडं भरदिवसा क्लब चालतो. संध्याकाळी पप्पांनी मला घसा खाकरून विचारलं, “तुमच्या हापिसात पत्ते खेळतात, हे खरं का?” मी “हो” म्हणाले, कारण ते खरं होतं. पुढचं समजावून सांगायला बरंच बोलावं लागलं असतं.

घरीही दाजी असेच. त्यांच्या फ्रिजवर रंगीत चिठ्ठ्यांचे तीन रकाने आहेत: ‘करायचं’, ‘चाललंय’, ‘झालं’. गॅस सिलिंडर आणायची चिठ्ठी दाजींनी अभिमानानं ‘चाललंय’मध्ये नेली आणि ती तिथं चालतच राहिली. एका दुपारी ते जेवायला गेले तर ताई शांतपणे पेपर वाचत बसलेली. “भाकरी?” दाजींनी विचारलं. ताई म्हणाली, “करायचं हाय.” आणखी एक चिठ्ठी तिनं लग्नानंतर लगेच लावलेली आहे, ‘ह्यांना समजावनं’. ती ‘चाललंय’मध्ये आहे. कागद पिवळा होता, आता पांढरा पडलाय.

गिऱ्हाइकाची गरज कशी लिहायची, याचाही त्यांचा एक साचा आहे: अमुक म्हणून मला तमुक हवं आहे, जेणेकरून ढमुक होईल. हा साचा त्यांच्या तोंडात इतका बसलाय की एकदा स्टँडवरच्या हॉटेलात ते वेटरला म्हणाले, “एक ग्राहक म्हणून मला कमी तेलकट वडा हवा आहे, जेणेकरून मला दुपारी पित्त होणार नाही.” वेटरनं सगळं ऐकलं. “वडे संपले,” तो म्हणाला. दाजी खूश झाले. इतका स्पष्ट प्रतिसाद त्यांना कळंबमध्ये फार कमी वेळा मिळाला असेल.

आणि प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी ते सगळ्यांना विचारतात: काय चांगलं झालं, काय सुधारता येईल? हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या धाकट्या भावाच्या लग्नातही विचारला. सोनारीला लग्न होतं. मुलीकडच्यांनी मांडव घातला होता. तो अक्षता पडायच्या आधी एका बाजूनं बसला, आणि पाण्याचा टँकर पंगती उठल्यावर आला. दाजी नवरीच्या वडिलांपुढं उभे राहिले. “मोकळेपणानं सांगा, काय सुधारता आलं असतं?” त्या बिचाऱ्यानं हात जोडले. “काही न्हाय हो. लई छान झालं. आमचं काही चुकलं असंल तर पोटात घाला.” दाजींनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं, ‘समोरचे समाधानी.’ मी शेजारीच उभी होते. आमच्याकडं वरपक्ष मुलीच्या बापाला वाटेल ते बोलू शकतो, पण मुलीचा बाप वरपक्षाला त्यांच्या डोक्यावर मांडव पडला तरी चूक दाखवत नाही, हे दाजींना ठाऊक नसेल असं नाही. ते इथंच वाढलेत. पण पुण्याच्या परीक्षेत हा प्रश्न नसावा.

तर या माणसानं स्वतःचं पहिलं ॲप बनवायला घेतलं आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून निवडलं कुणाला, तर स्वतःच्या सासऱ्याला.

ॲप असं होतं. सोयाबीन कापून शेतात गंजी लावली की सगळ्यांना मशीन एकदम हवं असतं. वर ढग, खाली ताडपत्री आणि मशीनवाल्याचा फोन लागत नाही. दाजींचं म्हणणं, शेतकऱ्यानं मोबाइलवर नंबर लावावा, ज्याचा नंबर आधी त्याच्याकडं मशीन आधी जाईल, आणि मळणी झाली की मशीनवाल्यानं त्या शेतापुढं हिरवी खूण करावी. कागदावर फार सुंदर. पण मशीन कागदावर चालत नाही. गावात ते एका बाजूनं शिवारात शिरतं आणि बांधाला बांध लावून सरकत जातं. ॲपमधलं मशीन नदीकडच्या एका शेतातून माळावर जायचं, माळावरून परत नदीकडं आणि मग पुन्हा माळावर, कारण नंबर तसे लागले होते. हे मी पहिल्याच महिन्यात पाहिलं. इंग्रजीत नीट, नकाशासकट लिहून दाजींना पाठवलंही. दाजी म्हणाले, “लिहू नकोस क्वालिटी, बोल. लिहिलेलं मी वाचत नाही. ॲजाइलमध्ये बोलायचं असतं.” ते मला क्वालिटी म्हणतात. दुसऱ्या दिवशी वजन माझ्या हातात आलं तेव्हा मी म्हणाले, “काल तपासलं, आज तपासणार, खोळंबा नाही,” आणि ते वैभवकडं दिलं.

खोळंब्याचा आमच्या भिंतीवर वेगळा रकाना आहे. दाजींनी तो सगळ्यांत रुंद आखलाय आणि त्याच्यासाठी लाल चिठ्ठ्यांचं पाकीट आणून ठेवलंय. ते पाकीट कुणी फोडलेलं नाही. दाजी बाहेरच्यांना तो कोरा रकाना दाखवतात आणि म्हणतात, “बघा आमची टीम.” मला तो पाहिला की आमच्याकडच्या पंगती आठवतात. वाढणारा विचारतो, “आणखी काही?” आणि भुकेला माणूस पानावर आडवा हात धरून म्हणतो, “न्हाय, न्हाय, लई झालं.” फरक एवढाच की पंगतीत वाढणारा तरीही वाढतो. दाजी खरंच भांडं घेऊन पुढं जातात.

दर पंधरवड्याला आम्ही झालेलं काम घेऊन आबांकडं जायचो. जावई येणार म्हणून काकू सकाळपासून राबायच्या. आबा नवी सतरंजी अंथरायचे; दाजी तिच्यावर उभे राहायचे. “बसा की जावईबापू,” आबा काकुळतीनं म्हणायचे, “उभ्या पाव्हण्याला पानी देत न्हाईत आमच्यात.” दाजी पाणीही उभ्यानंच प्यायचे आणि मोबाइल आबांच्या हातात द्यायचे. आबा तो लांब धरून, मान मागं घेऊन, देवाचा फोटो पाहावा तसा पाहायचे.

“लई भारी.”

“आबा, स्तुती नको. काय खटकतंय ते सांगा.”

“खटकतंय? ह्यात? न्हाय बा.”

“नदीकडचा रस्ता, ती जास्तीची चक्कर, काही अडतंय का?” हे एकदा दाजींनी स्वतःहून विचारलं होतं. म्हणजे माझं इंग्रजी त्यांनी कुठंतरी चोरून वाचलं असणार. आबांनी माझ्याकडं पाहिलं, काकूंकडं पाहिलं आणि म्हणाले, “त्येवढं तर चालायचंच. मशीनचा पाय मोकळा होतोय.” कुकरची शिट्टी वाजली. पुरणपोळी आली. ‘गिऱ्हाईक समाधानी,’ दाजींनी लिहून घेतलं.

मग नवरात्रात मळणी सुरू झाली. पहिल्या दिवशी आबांनी जावयाचा मान राखून मशीन ॲपच्या हुकमानं फिरवलं. दिवसभर ते शेतात कमी आणि रस्त्यावर जास्त दिसलं. दुसऱ्या दिवसापासून आबा पहिल्यासारखे फोनवर बोलून बांधाला बांध लावून मळणी करू लागले, आणि संध्याकाळी शिवा जेवताना सगळ्या शेतांना हिरवं करू लागला. इकडं ऑफिसात दाजी भिंतीएवढ्या पडद्यावर आलेख लावून उभे. रेघ वर निघालेली. दाजींनी पेढे वाटले.

वैभव माझ्या टेबलाशी येऊन वाकला. “बघितलं का? सगळ्या शिवाराची मळणी रोज जेवायच्या टायमाला होतीय.”

“हं.”

“मग सांगा की.”

“तू सांग. तू बोलतोस एवढा.”

“म्या?” त्यानं कानाला हात लावला. “त्यांचे सासरे, तुमचे चुलते. जावई-सासऱ्याच्या मधी जळकोटच्या मानसानं कशाला पडायचं?”

त्याच आठवड्यात ताईनं मला स्वयंपाकघरात सांगितलं की पुण्याच्या जुन्या कंपनीनं दाजींना पुन्हा बोलावलंय. जागा मोठी आहे. सोमवारी सकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, नंतर ती दुसऱ्याला जाईल. “मग?” मी विचारलं.

“मग काय. म्हनतेत, आलेख बोलंल तसं करू. आन् तो तर वरच चाललाय. नाही म्हनून कळवनार हायेत.” ती लाटणं थांबवून माझ्याकडं पाहत राहिली. “तुझं काय मत?”

“मला काय कळतं त्यातलं,” मी म्हणाले.

मला बरंच कळत होतं. दाजी पुण्याला गेले तर माडीवरचं ऑफिस बंद होणार, आणि मी पुन्हा घरात, आईनं काढून ठेवलेल्या स्थळांच्या फोटोंसमोर. न गेले तर पुढच्या हंगामात दुसरे मशीनवाले येणार, ज्यांचे दाजी जावई नाहीत, आणि ते पहिल्याच दिवशी शिव्या घालून जाणार. तोवर पुण्याचं दार बंद झालेलं असेल. दोन्हींत मला सोयीचं काय होतं ते उघड होतं: मान हलवायची आणि गप्प बसायचं. त्यातली मी तयार आहे. म्हणून त्या रविवारी आबांनी ‘तू काय ऐकलं न्हाईस’ म्हटलं तेव्हा मला हायसंच वाटलं.

सोमवारी सकाळी आम्ही नेहमीसारखे गोल करून उभे होतो. खाली नव्या सोयाबीनच्या गाड्या लागल्या होत्या, वरपर्यंत धुरळा येत होता. गॅलरीत म्हातारबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांच्या एका हातात मोबाइल होता, त्यावर ‘नाही’ कळवायला पुण्याचा नंबर काढून ठेवलेला. “एवढं झालं की तुमच्यासमोरच फोन लावतो,” ते म्हणाले. “टीमपासून लपवायचं काही नाही. चला. काल काय, आज काय, काही खोळंबा?”

वजन फिरायला लागलं. खोळंबा नाही. खोळंबा नाही. वैभवनं माझ्याकडं पाहिलं, छताकडं पाहिलं आणि म्हणाला, “न्हाय.” मग ते माझ्या हातात आलं, नेहमीसारखं थंड. काल तपासलं, मी म्हणाले. आज तपासणार, म्हणाले. तिसरं वाक्य आलं नाही.

दाजी थांबले. ते माझ्यापाशी रोजच असे थांबतात. माझी तीन वाक्यं संपली तरी वजन पुढं जाऊ देत नाहीत. “आणखी काही?” विचारतात आणि उगाच उभे राहतात, आणि मला रोज त्यांचा राग येतो, कारण सगळे माझ्याकडं बघतात. त्या सकाळी मी मान खाली घातली होती म्हणून माझी नजर त्यांच्या मोबाइलवर गेली. माझी वेळ संपली होती. आकडे लाल होऊन लुकलुकत होते, आणि दाजींचा अंगठा शिट्टीच्या बटणावर दाबलेला होता. आवाज येऊ नये म्हणून. तो अंगठा इतका सवयीनं तिथं गेला होता की हे आजचं नाही, हे मला कळलं. आडतवाल्या शेठना, वैभवला, खुद्द आबांना मध्येच तोडणारी ती शिट्टी माझ्या वाट्याला आजवर एकदाही आलेली नव्हती, आणि मी, टेस्टर, जिला सगळं दिसतं, मला हे दिसलं नव्हतं. शाळेत, घरात, पाहुण्यांत, माझं बोलणं संपलं की लोकांना सुटल्यासारखं वाटतं. हा एवढा एकच माणूस ते सुरू व्हायची वाट बघत रोज उभा होता.

“आणखी काही, क्वालिटी?” दाजींनी विचारलं.

मी वजन खिडकीत ठेवलं. गॅलरीत गेले. म्हातारबांच्या शेजारची एक खुर्ची उचलून आत आणली, तिच्यावरचा धुरळा ओढणीनं पुसला आणि ती गोलाच्या मधोमध, दाजींच्या मागं ठेवली.

“दाजी, खोळंबा आहे,” मी म्हणाले. “पुण्याला फोन लावू नका. तुम्ही आधी खाली बसा.”